या वेळी कापड लावू नको

हेदपाडा, डोळखांब
९ फेब्रुवारी २००८

बाबा,

पाठवणाऱ्याच्या जागी मुद्दाम काही लिहिलं नाही. माझं अक्षर बघून तुम्ही मागची दोन पत्रं न फोडताच फळीवर ठेवून दिलीत, असं रंभाआत्या फोनवर म्हणाली. हे फोडलं असेल तर पुढचंही वाचा. रडगाणं नाही. कामाचं आहे.

गाडी परत दम खायला लागली आहे. सपाटीवर कळत नाही, पण माणसं भरून चढ लागला की कितीही पेडल दाबा, उठत नाही आणि मागून काळा धूर. परवापासून काट्यांशेजारचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, विझतो. एअर फिल्टर मी काढून झटकला. आमच्या रस्त्याची धूळ तुम्ही खाल्ली आहे, त्यात यंदा वीटभट्टीच्या ट्रकांची भर. फिल्टर झटकूनही फरक नाही. म्हणजे त्याच्या पुढच्या नळीत हवा मोजायचा जो सेन्सर असतो, त्यावर घाण बसली असणार. नवा घातला त्याला सव्वा वर्ष झालं.

तुमचे जावई म्हणतात शहापूरला कुंडलिककडे टाकू. कुंडलिक गाडी आठवडाभर ठेवून घेतो आणि इथे लग्नाच्या भाड्याच्या तारखा धरल्या आहेत. तेव्हा मला एवढंच सांगा, तो सेन्सर घरच्या घरी साफ करता येतो का, आणि कशाने. हे वायरचं काम तुमच्या वेळचं नाही, मला ठाऊक आहे. पण तुम्ही ते कोणाला तरी विचारल्याशिवाय राहिला नसाल, हेही ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे भिमीला दिवस गेले आहेत. सहावा चालू आहे. बाळंतपणाला माहेरी, म्हणजे भावाकडे, आमच्याकडेच येणार. त्यासाठी गाडी धड हवी. पहिल्या वेळचं मी तुम्हाला काय सांगायचं.

परवा एसटीने टोकावड्यावरून गेले. गॅरेजचं शटर बंद आहे. पुढच्या जागेत धाब्यावाल्याने खाटा टाकल्या आहेत. तुमच्या नावाची पाटी अजून आहे.

ओतूरला थंडी फार असेल. आत्या म्हणते तुम्ही पंप आणि ट्रॅक्टर बघता. बरं वाटलं.

भागी


हेदपाडा
४ मार्च २००८

बाबा,

तुमचं पत्र आलं. सव्वा वर्षाने तुमचं अक्षर बघितलं. आठ ओळी आहेत, त्यातल्या सात कामाच्या.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. शहापूरला टीव्ही दुरुस्त करतो त्याच्याकडून फवाऱ्याचा डबा आणला. हे भाड्याची माणसं सोडून जेवायला आले आणि जेवून आडवे झाले, तेवढ्यात केलं. आधी बॅटरीची तार काढली. मग नळीवरचा प्लग, खटका दाबून. दोन स्क्रू. सेन्सर बाहेर आला तेव्हा आतली ती केसासारखी तार मला दिसलीच नाही, इतकी काळी झाली होती. बोट लावलं नाही. वीतभर लांबून फवारा मारला, दहा-बारा वेळा. काळं पाणी गळत राहिलं आणि मग पांढरं गळायला लागलं. सुपात ठेवून ओट्यावर सावलीत सुकवला. लेक भूमिका जवळ आली तर तिच्यावर खेकसले, फुंकर मारेल म्हणून. बिचारी पाच वर्षांची, तिला काय कळणार.

अर्ध्या तासाने परत बसवला. संध्याकाळी हे दहा माणसं घेऊन खिंड चढून आले आणि म्हणाले, "आज काय झालं गाडीला, पाखरासारखी आली." मी म्हटलं, फिल्टर झटकला. सेन्सर उघडल्याचं सांगितलं नाही.

आता आठवी ओळ. खरं तर ती पहिलीच आहे. "भागे, या वेळी कापड लावू नको."

पत्र मी चार वेळा वाचलं. काम करायच्या नादात मला फक्त 'कापड लावू नको' एवढंच दिसलं. सेन्सर बसवल्यावर, हात धुतल्यावर, पाचव्यांदा वाचलं तेव्हा 'या वेळी' दिसलं.

कदाचित तुमच्या हातून सहज लिहिलं गेलं असेल. माणूस लिहिताना एखादा शब्द जास्त घालतो.

बाबा, त्या दिवशीचं मला जे माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. चौदा नोव्हेंबरला सकाळी भिमीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, पण गाडी दारात उभी, म्हणून कोणी घाबरलं नाही. हे चालवायला, मागे सासूबाई, मी आणि भिमी. डोळखांब मागे टाकून खिंडीच्या चढणीला लागलो तशी गाडीची ताकदच गेली. नुसती घोंघावत होती. दोनदा मागे घसरली. मग बंद पडली ती पडलीच. मी आणि सासूबाईंनी भिमीला रस्त्याच्या कडेला सावलीत निजवलं. दुधाचा टेम्पो येईपर्यंत दीड तास गेला. शहापूरला पोचलो तेव्हा मुलगा पोटातच गेला होता. नर्स म्हणाली नाळ गळ्याला होती, लवकर आणलं असतं तर कदाचित. तिने 'कदाचित' म्हटलं आणि त्या एका शब्दावर सगळं घर बसून राहिलं.

कुंडलिकने गाडी ओढून नेऊन उघडली आणि म्हणाला, "हवेच्या सेन्सरला कोनीतरी हात लावलाय. वाट लावली त्याची." दिवाळीला सर्व्हिसिंग तुम्ही केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. भिमीचा नवरा कोंडू, आमचे हे, सासूबाई, मी, आम्ही सगळे टोकावड्याला आलो. तुम्ही तो सेन्सर हातात घेतलात, उजेडाला धरलात, बराच वेळ धरलात. मग म्हणालात, "माजीच चूक."

सासूबाईंनी तुमच्या शटरवर मूठभर माती फेकली. महिन्याभरात गॅरेजला गिऱ्हाईक येईनासं झालं.

हे एवढंच मला माहीत आहे.

भागी


हेदपाडा
२६ मार्च २००८

बाबा,

"त्याला धागा चिकटलेला होता. हिरवा. तुझ्या आईच्या लुगड्याचा. ते लुगडं मीच तुला दिलं होतं."

तुमचं पत्र एवढंच. मी ते चुलीत घातलं. घरात कोणाच्या हाती पडू नये म्हणून घातलं, आणि मग वाटलं, हेच तर मी सव्वा वर्ष करते आहे.

आता ऐका.

दिवाळीच्या सर्व्हिसिंगला तुम्ही एअर फिल्टर काढलात तेव्हा मी शेजारीच उभी होते. नळीतला तो काळा तुकडा बघून मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "त्याला हात नको लावू गो. नवीन भानगड हाय ती, आपलं काम नाय." आणि तुम्ही हात लावला नाहीत. तुम्ही हात लावला नाहीत हे या जगात दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला.

पुढे तीन आठवड्यांनी गाडी धूर सोडायला लागली. हे म्हणाले शहापूरला टाकतो, चार दिवस लागतील. भिमीचे दिवस भरत आले होते. मला वाटलं, आत्ता गाडी घरातून जायला नको. हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. पाड्यातल्या बायका मला 'मिस्तरीन' म्हणतात. मी स्टेपनी बदलते, पट्टा ताणते, डिझेलमधली हवा काढते. मला वाटलं, बाबांना जे जमलं नाही ते मी करून दाखवते. हेही होतं. मी ते लपवणार नाही.

तेरा तारखेला दुपारी घरात कोणी नव्हतं. सगळे खळ्यावर झोडणीला. मी सेन्सर काढला, वाटीत रॉकेल घेतलं, त्यात बुडवला. काळं सुटेना म्हणून आईच्या लुगड्याचा तुकडा काडीला गुंडाळून आत घातला आणि घासला. तुम्ही इंजेक्टर घासायचात तसा. स्वच्छ झाला. चकाकला. गाडी सुरू केली तर सुरू झाली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मला इतका आनंद झाला होता बाबा की मी गाडीतच बसून हसले.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पहिला धक्का बसला तेव्हाच मला कळलं. बंद पडायच्या आधी कळलं. भिमीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती म्हणत होती, "वैनी, पोचतो ना गो आपन?" मी म्हटलं, पोचतो.

तेव्हा सांगितलं असतं तर गाडी काही चालू झाली नसती. म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगते. पण टोकावड्याला तुमच्या दारात का सांगितलं नाही, याला माझ्याकडे काही नाही. तुम्ही "माजीच चूक" म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा, हे लिहायला हात उचलत नव्हता, पण याच्यासाठीच पत्र लिहायला बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. मला वाटलं, तुम्हाला खरंच वाटतंय की चुकून तुमच्या हातून झालं. म्हातारा माणूस आहे, विसरला असेल. मी तुम्हाला तसं समजू दिलं.

आणि तुम्ही तो धागा बघून घेतला होता.

तुम्ही मला एकदा तरी शिवी द्यायची होती.

भागी


हेदपाडा
२० एप्रिल २००८

बाबा,

तुम्ही लिहिलंत, "सांगू नको. तुला त्या घरात राहायचं आहे. माझं काय, मी कुठेही पाना-पक्कड धरून पोट भरीन." पत्र गुरुवारी मिळालं. मी बुधवारीच सांगून बसले होते. आदल्या दिवशी आलं असतं तर तुमचं ऐकलं असतं की नाही, माहीत नाही. बहुतेक ऐकलं असतं. म्हणून उशिरा आलं ते बरं.

झालं असं. भिमीला आणायला हे गाडी घेऊन तिच्या सासरी किन्हवलीला गेले. ती गाडीत बसलीच नाही. आठवा महिना, आणि एसटीने आली. फाट्यापासून पाड्यापर्यंत चालत. हे गाडी घेऊन तिच्या मागे मागे हळूहळू. आख्खा पाडा बघत होता. ओट्यावर येऊन बसली, पाय सुजून भाकरीसारखे. सासूबाई बिरड्याचे भिजवलेले वाल सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "असं काय गो करतेस? भाऊ न्यायला आलेला."

"त्या गाडीत मी नाय बसणार. मिस्तरीचा हात लागलाय तिला."

"आता कुठं लागतोय? तो गेला घाटावर. सेन्सर पन नवीन घातला."

"लागलाय तो लागलाय," भिमी म्हणाली. "कळा आल्या तरी नाय बसणार. मी चालत जाईन शहापूरला."

ती हट्टाने बोलत नव्हती. घाबरून बोलत होती. मी पाणी घेऊन उभी होते. मला दिसलं की ही खरंच बसणार नाही, आणि तेव्हा परत दीड तास जाईल, दोन जातील. एकदा माझ्या हाताने झालं, आता माझ्या गप्प बसण्याने होईल.

मी म्हटलं, "भिमी, बाबांनी त्याला हातच लावला नव्हता."

"मंग कोनी लावला?"

"मी."

मग सगळं सांगितलं. रॉकेल, काडी, लुगड्याचा तुकडा. धाग्याचं नाही सांगितलं. सासूबाईंचे हात बिरड्याच्या पाण्यात तसेच राहिले. हे गाडी लावून येत होते ते अंगणातच थांबले.

भिमीने आरडाओरडा केला असता तर मी सोसलं असतं. ती हळूच बोलली. "दवाखान्यातून आले तवा दूध आटावं म्हणून माज्या छातीला फडकी बांधलीस तू. रोज सोडायचीस, रोज बांधायचीस. तवा तुला ठाव व्हतं?"

"होतं."

"आनि मी तुज्या बापाला शिव्या घालायची, तर तू म्हणायचीस, नको गो रडू."

मी हातातलं पाणी ओट्यावर ठेवलं.

हे अंगणातून म्हणाले, "मागच्या महिन्यात गाडी पाखरासारखी आली. तेव्हा काय केलंस?" मी म्हटलं, सेन्सर साफ केला, नीट विचारून केला. कोणाला विचारून, ते त्यांनी विचारलं नाही. गाडीचा पुढचा, इंजिनावरचा पत्रा उघडून आत बघत उभे राहिले. मग पत्रा आपटला आणि पाड्याबाहेर निघून गेले, पायी.

भिमी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत सासरी गेली. "बाळंतपन तिकडंच करीन," म्हणाली. सासूबाई तिच्याबरोबर गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त भूमिकेला म्हणाल्या, "तुज्या बाला टायमावर जेवायला वाढायला सांग."

मी वाढते. ते जेवतात. बोलत नाहीत. आज चौथा दिवस.

भागी


हेदपाडा
१० सप्टेंबर २००८

बाबा,

मध्ये पाच महिने गेले. तुमची दोन पत्रं आली, दोन्हींत "बरी आहेस का" एवढंच. बरी आहे. आवणी झाली. भात कमरेएवढं झालंय.

भिमीला २२ मे रोजी मुलगी झाली. शहापूरलाच. कोंडूने दिवस भरायच्या आधीच तिला तिकडे नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं होतं, दवाखान्याच्या दाराशी. दोघी सुखरूप. मला ते पाड्यातल्या बाईकडून कळलं. बारशाला हे गेले, भूमिकेला घेऊन गेले. मला कोणी येऊ नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. मी वांग्याच्या रोपांना पाणी घालत बसले.

यांनी बोलणं कधी सुरू केलं ते सांगता येत नाही. आधी "डिझेल आणलंय" असं. मग "स्प्रिंगचा पाटा वाजतो मागचा". माझ्याकडे न बघता, गाडीकडे बघून बोलायचे. एकदा रागाने म्हणाले, "बाप तुझा, आणि गप बसलीस. माझा असता तर?" मी म्हटलं, तुमचा असता तर बोलले असते. खोटं नव्हतं ते. माझे बाबा मला सोडणार नाहीत हे पक्कं माहीत होतं, म्हणून तुम्हालाच बळी दिलं. त्या दिवशी यांनी जेवून उठताना ताट स्वतः उचललं.

पाड्यात सगळ्यांना कळलं आहे. मिस्तरीन म्हणत नाहीत आता. काही बायका विहिरीवर मी आले की बाजूला होतात, काही होत नाहीत.

पत्र लिहायचं कारण सासूबाई. जूनअखेर भिमीकडून आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. गणपती बोळवून आलो त्या संध्याकाळी त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुज्या बापाच्या दारावर माती मी टाकली. चार लोकांत टाकली. मला त्याच्याकडं जायचंय."

मी म्हटलं, पत्र लिहिते.

"पत्र कशाला? तोंडावर बोलले, तोंडावरच सांगीन."

तर सोमवारी त्या आणि हे, माळशेज घाटाच्या एसटीने निघतील. मी येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू नको येऊ. तू आलीस की तो तुज्याकडंच बघंल." मला ते पटलं.

एक गोष्ट, बाबा. माझं जे होतं ते मी सगळं सांगितलं. तुम्हाला आधीच माहीत होतं, तुम्ही धागा बघितला होता आणि मुद्दाम स्वतःवर घेतलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. ते माझं नाही. सासूबाई माफी मागायला येत आहेत ती एका निर्दोष माणसाची. तुम्हाला माहीत होतं हे कळलं तर त्यांना काय वाटेल, मला अंदाज नाही. भिमीला दीड वर्ष भलत्याच माणसाला शिव्या घालायला लावलं, मी आणि तुम्ही मिळून. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

त्यांना गोड चहा चालत नाही. साखर कमी घाला.

भागी


हेदपाडा
२ नोव्हेंबर २००८

बाबा,

तुम्ही सांगितलंत ते सासूबाईंकडून कळलं.

त्या ओतूरहून आल्या. दोन दिवसांनी नाचणी पाखडताना म्हणाल्या, "मी त्याच्या पाया पडाया वाकले तर तो मागं सरला. म्हणाला, नको, मला ठाव व्हतं. पोरगी तुमच्या घरात राहावी म्हनून खोटं बोललो. तुमच्या लेकीचा पन गुन्हेगार हाय मी." मग सूप खाली ठेवलं. "राग आला मला. घाटभर राग आला. मंग टोकावडं आलं तसं वाटलं, माजी पोरगी असती तर मी तरी काय केलं असतं?" एवढंच. येताना त्या एसटीतून उतरून तुमच्या शटरपाशी गेल्या होत्या, असं यांनी सांगितलं. पदराने शटर पुसलं म्हणे. धाब्यावाला बघत राहिला.

गॅरेज परत उघडणार नाही, असं तुम्ही यांना म्हणालात. नजर राहिली नाही म्हणालात. ते खरं आहे की नुसतं म्हणायचं, मला कळत नाही. पाटी उतरवायची का, ते सांगा. मी उतरवणार नाही, पण विचारते.

आता भाऊबीजेचं. भिमी आली. दोन वर्षांनी दिवाळीला आली. मुलीला घेऊन, कोंडूबरोबर, एसटीने. कोंडू त्याच दिवशी परत गेला, ती तीन दिवस राहिली. तिने यांना ओवाळलं. मुलीला सासूबाईंकडे दिलं, यांच्याकडे दिलं, भूमिकेच्या मांडीवरही ठेवलं. माझ्याकडे दिलं नाही. मी मागितलं नाही. ती माझ्या हातचं जेवली. "मीठ दे" म्हणाली, "पाणी तापलं का" म्हणाली. वैनी म्हणाली नाही.

काल तिला परत जायचं होतं. दिवाळीची गर्दी, सकाळची एसटी भरून आली आणि फाट्यावर थांबलीच नाही. पुढची थेट दुपारी, तीही येईल याचा भरवसा नाही. ऊन चढलेलं, मुलगी किरकिर करत होती. हे म्हणाले, "मी सोडतो."

भिमी अंगणात गाडीपाशी उभी राहिली. आत बसली नाही, मागे पण फिरली नाही. मग यांना विचारलं, "गाडी कोन बघतं आता?"

मी दारात होते. हे खोटं बोलू शकले असते. कुंडलिकचं नाव घेतलं असतं तर चाललं असतं. ते म्हणाले, "भागी बघते. दर दोन महिन्यांनी सेन्सर काढून साफ करते. मी शेजारी उभा असतो."

बाबा, ते खरं आहे. जूनपासून ते शेजारी उभे असतात. स्क्रू हातात धरतात.

भिमी गाडीकडे बघत राहिली. सासूबाई ओट्यावरून उठल्या आणि परत बसल्या. मला वाटलं आता ही चालत सुटणार. तिने मुलगी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि मागचं दार उघडून आत चढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पन बस. बंद पडली तर तू असाया पायजेस."

मी तशीच, ओल्या हाताने, चप्पल न घालता बसले. तिच्या समोर. खिंड आली. चढ लागला तशी तिने वरची दांडी घट्ट धरली, बोटं पांढरी पडली. दुसऱ्या हाताने मुलीला इतकं आवळलं की ती रडायला लागली. मी इंजिनाचा आवाज ऐकत होते. एवढा आवाज मी जन्मात ऐकला नसेल. यांनी गियर उतरवला. आम्ही जिथे तिला सावलीत निजवलं होतं ते झाड उजव्या हाताला आलं. तिने तिकडे बघितलं, मीही बघितलं. गाडी चढत होती.

वर सपाटी लागली तेव्हा तिने दांडी सोडली. हात मांडीवर ठेवून बोटं उघडझाप करत राहिली. पुढे वीटभट्टीचा ट्रक धूळ उडवत चालला होता, ती सगळी आत येत होती.

"काच लाव गो वैनी," ती म्हणाली. "पोरीच्या नाकात जाते."

मी लावली.

भागी